चौदा ड्रमांचा मेजर

आमच्याकडं पलटणीतनं पेन्शन घेऊन आलेला गडी मेजरच असतो. तिथं त्यानं तोफा ओढल्या की कांदे चिरले, कुणी विचारत नाही. फाट्यावर उतरला, ट्रंक खाली ठेवली, की झाला मेजर. उत्तरेश्वर तसाच मेजर झाला. चड्डीची नाडी बांधता येत नव्हती तेव्हापासून मी त्याला ओळखतो. त्याला कुणी मेजर म्हटलं की मला आधी ती नाडीच आठवते.

सव्वीस वर्षं नोकरी. शेवटची नऊ आसामात, आणि सगळीच्या सगळी स्टोअरमध्ये. ब्लँकेटं मोजायची, आत ठेवायची, बाहेर काढायची, पुन्हा मोजायची. त्यात वाईट काही नाही. पलटणीला ब्लँकेटं लागतातच. पण हा पारावर बसून "आबा, बॉर्डरवर असताना काय झालं..." असं सुरू करायचा. मी मध्येच विचारायचो, "किती ब्लँकेटं होती रे बॉर्डरवर?" की दोन दिवस तोंड बंद. ते दोन दिवस गावाला सणासारखे जायचे.

आसामातनं त्यानं तीन वस्तू आणल्या. एक शिट्टी, एक हिरवी मच्छरदाणी आणि एक कुत्रा. कुत्रा दिसायला देखणा, खोटं बोलणार नाही. काळाभोर, कान ताठ, छाती रुंद. त्याची आई म्हणे मिलिटरीत बॉम्ब हुंगायची. नाव ठेवलं कर्नल. आता मालक मेजर आणि कुत्रा कर्नल, मग सलाम कुणी कुणाला करायचा, असं मी एकदा चारचौघांत विचारलं. त्याची बायको प्रेमाबाई पाण्याची घागर घेऊन चालली होती, ती न थांबता म्हणाली, "सकाळी उठून ह्येच करत्यात की सलाम. भाकर बी आधी त्यालाच."

पण मेजरची खरी दौलत कुत्रा नव्हे, ड्रम.

आमचं गाव वाशी तालुक्यात, तेरखेड्यापासून हाकेच्या अंतरावर म्हणा. नळाला पाणी आठ दिवसांनी. उन्हाळ्यात तेही टँकरनं. त्यामुळं प्रत्येक घरी साठवण असतेच. हौद, रांजण, टाकी, ज्याला जे झेपेल ते. मेजरनं मात्र निळे प्लास्टिकचे चौदा ड्रम आणले. भिंतीलगत एका ओळीत उभे केले आणि प्रत्येकावर पांढऱ्या ऑइल पेंटनं आकडा टाकला, एक ते चौदा. वापरायचे ते पहिले दोन. तीन ते चौदा रिझर्व्ह! रिझर्व्हला हात लावायचा नाही. नळ आला की पहिले दोन भरायचे, संपले की पुन्हा नळाची वाट बघायची. प्रेमाबाई आठव्या दिवशी शेजारणीकडं तांब्याभर पाणी मागायला जायची आणि मागं भिंतीला बारा ड्रम तुडुंब उभे. "धुणं-भांडी दोन ड्रमात, आन् बारा ड्रम पूजेला," ती म्हणायची. मेजर रोज सकाळी हातात छडी घेऊन ड्रमांसमोरनं चालत जायचा. एक, दोन, तीन... चौदा. स्टॉक बरोबर. चार-पाच ड्रमांची झाकणं वाऱ्यानं गेली होती, त्यांवर पोती टाकलेली. पाण्याच्या आत काय चाललंय ते बघायची गरज त्याला कधी वाटली नाही. ब्लँकेटाच्या आत कुणी बघतं का?

एकदा आरोग्य खात्याची आशाताई आली होती घरोघर सांगत, आठवड्यातनं एक दिवस साठवणीची भांडी कोरडी करा, घासा, मग भरा. मेजर ओट्यावर उभा राहून म्हणाला, "ताई, हा मराठवाडा आहे. इथं पाणी सांडणाऱ्याचं कोर्टमार्शल व्हायला पाहिजे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा मान डोलावली होती. मूर्ख माणूससुद्धा कधीकधी आपल्या मनातलं बोलतो, आणि तिथंच आपण फसतो.

आणि डासांचं मेजरला काय पडलं होतं? दिवेलागण झाली की स्वारी हिरव्या मच्छरदाणीत. आत ट्रान्झिस्टर. बाहेर बायको चापट्या मारतेय, आणि ओसरीच्या खांबाला बांधलेला कर्नल कान झटकतोय.

भिंतीच्या पलीकडं सकिनाबीचा गोठा. साठी ओलांडलेली बाई, मागं-पुढं कुणी नाही, बत्तीस शेळ्या. आणि भुऱ्या. भुऱ्या म्हणजे गावठी कुत्रं, एक कान फाटका, रंग आपल्या मुरमाड मातीचा. माळावर बसला तर दिसायचाही नाही. पण तीन वर्षांपूर्वी लांडग्यानं एका हिवाळ्यात तिची पाच करडं उचलली होती. भुऱ्या आल्यापासून एक नाही. सकिनाबी सांगायची, "मेरा आधा पेट शेळ्या भरतात, आधा हा भरतो."

आता गोष्ट सुरू होते ती मे महिन्यातल्या एका लग्नापासून. वरात निघाली आणि तेरखेड्याच्या फटाका कारखान्यांतल्या पोरांनी आपली सगळी कला एकदम दाखवली. पहिला बार झाला तशी वरातीतली घोडी नाचली, दुसऱ्या बाराला नवरदेव खाली, आणि तिसऱ्या बाराला बॉम्ब हुंगणाऱ्या आईचा लेक कर्नल साखळीसकट बेपत्ता. मेजर शिट्टी फुंकत गावभर. सापडला कुठं? सकिनाबीच्या गोठ्यात, शेळ्यांच्या मागं, भुऱ्याच्या पोटाखाली नाक खुपसून, चळचळा मुतलेला. भुऱ्या त्याला चाटत होता, लेकराला चाटावं तसा. मी हे सहा महिने पुरवून पुरवून सांगणार होतो, पण पुढं जे झालं त्यात या गमतीची चव गेली.

आखाड संपता संपता कर्नल खोकायला लागला. कोरडा खोकला, बिडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. सकाळी मेजर त्याला परेडला न्यायचा, मारुतीच्या देवळापर्यंत आणि परत. तर तो निम्म्यात बसायला लागला. जीभ बाहेर, बरगड्या भात्यासारख्या. तेवढ्यात भुऱ्याही माळाच्या चढावर धापा टाकताना दिसला. झालं. मेजरनं एका रात्रीत तपास पूर्ण केला.

पारावर येऊन म्हणाला, "लग्नाच्या दिवशी तोंडाला तोंड लागलं. ह्या गावठी कुत्र्याचा रोग माझ्या कर्नलला लागला. ज्यानं रोग आणला त्याला गावात ठेवायचं नाही. पोत्यात घाला आणि येडशीच्या घाटात सोडून या."

"आरं, पन तुझं कुत्रं तिच्या गोठ्यात गेलं होतं," मी म्हणालो. "तिचं तुझ्या ओसरीवर नव्हतं आलं."

"आबा, तुम्हाला मिलिटरीचं कळत नाही."

"व्हय बाबा. ब्लँकेटात मी कच्चाच."

पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नाही. कुणीतरी म्हणालं, हा रोग शेळ्यांना लागला तर? दुसरा म्हणाला, लेकरांना लागला तर? भीतीला काय, पाय लागत नाहीत. ग्रामसभा बसली. सकिनाबी खांबाला टेकून उभी होती. दर उन्हाळ्यात जी प्रेमाबाईच्या घागरीत पाणी ओतायची, तीच ही बाई.

"मेजर," ती म्हणाली, "भुऱ्या गेला तर लांडगा मला सोडंल का? चार महिन्यांत गोठा रिकामा हुईल. मग मी काय खाऊ, तुझी शिट्टी?"

"सकिनाबी, हे वैयक्तिक नाही. हा नियम आहे," मेजर म्हणाला, आणि ठराव त्यानं स्वतः सांगितला: ज्या कुत्र्याने गावात रोग आणला असे सिद्ध होईल, ते कुत्रे येडशीच्या घाटात सोडण्यात यावे. सरपंच म्हणाले, भुऱ्याचं नाव घालू का? "नको. नियमात नाव नसतं. उद्या कुणी म्हणायला नको, पक्षपात केला."

वा रे मेजर! आपला खड्डा लोक फावड्यानं खणतात. यानं तो ठरावानं खणला.

मी एवढंच म्हणालो की सिद्ध व्हायचं तर डॉक्टरकडनं होऊ द्या. दोन्ही कुत्री वाशीच्या गुरांच्या दवाखान्यात दाखवू. मेजरला इतकी खात्री होती की तो म्हणाला, "गाडी मी लावतो."

गुरुवारी सकाळी छोटा हत्ती टेम्पो निघाला. पुढं ड्रायव्हरशेजारी मेजर, इस्त्रीच्या कपड्यात. मागं मी, सकिनाबी आणि दोन आरोपी. वाटेत कर्नल खोकला की भुऱ्या त्याच्याकडं बघायचा, भुऱ्या खोकला की कर्नल. सकिनाबीनं सोबत एक रिकामं पोतं आणलं होतं. मी विचारलं कशाला. म्हणाली, "सोडायचाच झाला तर माझ्या हातानं सोडीन. त्या मेजरच्या हातानं न्हाय." 

दवाखान्यात गायत्री मॅडम होत्या. पोरगी तरुण, पण हात असा की सुई टोचल्यावर भुऱ्यानं फक्त फाटका कान हलवला. दोन्ही कुत्र्यांचं रक्त घेतलं, एका पट्टीवर थेंब टाकला, एक थेंब काचेवर. मग मायक्रोस्कोपात बघितलं आणि सकिनाबीला म्हणाल्या, "या मावशी, बघा." मेजर पुढं सरकला होता, तो तसाच अर्ध्यात राहिला.

सकिनाबीनं एक डोळा मिटला. "या अल्ला! रक्तात दोरे वळवळतात."

मीही बघितलं. तांबड्या गोळ्यांच्या गर्दीत बारीक, केसाहून बारीक किडे, नुसते वळवळत होते. मॅडम म्हणाल्या, हे कर्नलचं रक्त. भुऱ्याच्या रक्तातही आहेत, पण कमी. हा हृदयाचा जंत. मोठे झालेले जंत शेवयांएवढे लांब असतात, हृदयात आणि फुप्फुसाच्या शिरांत राहतात, म्हणून खोकला, म्हणून धाप. काचेवर दिसतात ती त्यांची पिल्लं.

"म्हणजे लागट आहे!" मेजर टेबलावर हात आपटून म्हणाला. "लग्नाच्या दिवशी भुऱ्यानं चाटलं. लिहून द्या मॅडम."

"चाटून लागत नाही. चावूनही नाही. शेजारी झोपूनही नाही."

"मग?"

"मेजर, तुमच्या गावाहून थेट तुळजापूरला एसटी आहे का?"

"नाही. येरमाळ्याला बदलावी लागते."

"तसंच आहे हे. या पिल्लांना एका कुत्र्यातनं दुसऱ्या कुत्र्यात थेट गाडी नाही. मध्ये डासात उतरावंच लागतं. डासाची मादी आजारी कुत्र्याचं रक्त पिते, त्याबरोबर ही पिल्लं तिच्या पोटात जातात. तिथं दहा-चौदा दिवस मुक्काम. त्या मुक्कामात ती वाढतात, कात टाकतात, आणि डासाच्या सोंडेपर्यंत येऊन बसतात. मुक्काम झाल्याशिवाय पुढं जायची लायकीच येत नाही त्यांना. मग तीच मादी दुसऱ्या कुत्र्याला चावली, की ही कातडीवर उतरतात आणि चावल्याच्या भोकातनं आत शिरतात."

"आणि लगेच काळजात?" मी विचारलं.

"नाही आबा. मांसातनं, रक्तातनं फिरत फिरत. पूर्ण वाढून स्वतःची पिल्लं रक्तात सोडायला सहा-सात महिने तरी लागतात."

सकिनाबी बोटं मोजायला लागली. मे, जून, जुलै, आता ऑगस्ट. तिच्या बोटांवर मेजरचं लक्ष गेलं आणि त्याच्या इस्त्रीला पहिली सुरकुती पडली.

"मग लग्नातनं लागलं नाही," मॅडम म्हणाल्या. "भुऱ्याला हे गेल्या पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या सुमाराला लागलेलं दिसतं. कर्नलला त्याहून जुनं. इकडं मी हे क्वचित बघते. कुत्रा आणला कुठून?"

मेजर कॉलर नीट करायला लागला. मीच म्हणालो, "आसामातनं. दोन वर्षं झाली."

"बरोबर. तिकडं हा जंत भरपूर. तिकडनं घेऊन आला बिचारा. पण नुसता कुत्रा येऊन भागत नाही, डासही हवेत. घराजवळ पाणी साठवून ठेवता का कुठं?"

इथं शहाणा माणूस खोकला असता, पाणी प्यायला उठला असता, बायकोचा फोन आलाय म्हणाला असता. पण सव्वीस वर्षं स्टॉक सांगितलेल्या माणसाची जीभ ती. छाती पुढं काढून म्हणाला, "चौदा ड्रम, मॅडम! बारा रिझर्व्ह. गेल्या दिवाळीपासून हात लावलेला नाही."

 सकिनाबीनं पोत्याची घडी घातली आणि कमरेला खोचली.

गावात आलो तो बातमी आमच्या आधी पोचलेली. ड्रायव्हरनं वाशीतनंच फोन केले होते ना. सगळं गाव मेजरच्या भिंतीशी. प्रेमाबाईनं कुणाची वाट बघितली नाही. तिनं नऊ नंबरवरचं पोतं ओढलं आणि स्टीलच्या पातेल्यात पाणी काढलं. उन्हात धरलं. पातेल्यात डासांच्या अळ्या अशा नाचत होत्या की वरातीतली पोरं बरी. दहा नंबर तसाच. अकरा त्याहून दाट. बारा नंबरात हात घालायला कुणी तयार होईना.

"मोजा आता," प्रेमाबाई नवऱ्याला म्हणाली. "स्टॉक बरोबर हाय का बघा."

सरपंचांनी ठरावाचं रजिस्टर मागवलं आणि मोठ्यानं वाचलं. ज्या कुत्र्याने गावात रोग आणला असे सिद्ध होईल. नाव नव्हतंच, नाव घालायला त्यानंच नको म्हटलं होतं. लोकांच्या माना कर्नलकडं वळल्या. तो आपला ओसरीवर बसून खोकत होता. आणि मेजर, जो आठवडाभर दुसऱ्याचं कुत्रं पोत्यात घालायला निघाला होता, तो खांबाला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "तो नाही. त्याला माझ्याशिवाय कोण आहे?" आवाज अगदी नाडी बांधता न येणाऱ्या पोराचा.

मला दया यायला हवी होती. आली नाही. मी म्हणालो, "नियमात नाव नसतं रे, मेजर."

तेव्हा सकिनाबी पुढं आली. तिनं कमरेचं पोतं काढलं, झटकलं, जमिनीवर टाकलं. "कुत्ते का क्या कसूर? त्याला काय ठाव आसाम न् काय ठाव ड्रम? सोडायचंच आसंल तर ह्या मेजरला सोडा येडशीला. पोतं मोठं हाय."

असं हसलं गाव! सरपंचांच्या हातनं रजिस्टर पडलं. मेजरही हसायला गेला, पण जमलं नाही.

"पण ऐका," ती म्हणाली. "डाक्टरीण म्हणली, दोन्ही कुत्र्यांना दर महिन्याला गोळी, लई महिने. आन् पळायचं न्हाय, पळाला तर मेलेला जंत फुप्फुसात आडकून कुत्रं जागच्या जागी जाईल. आता भुऱ्या पळणार न्हाय, तर माझ्या शेळ्या कोण राखंल?" आणि तिनं बोट केलं. "ह्यो राखंल. भुऱ्या बरा होईपर्यंत भुऱ्याची ड्युटी मेजरची."

ठराव तिथंच झाला, आणि या वेळी नावासकट.

ड्रम त्याच संध्याकाळी रिकामे झाले. पाणी फुकट गेलं म्हणू नका. गावातल्या प्रत्येक लिंबाला, शेवग्याला, शाळेतल्या कडुनिंबांना बादलीबादलीनं घातलं. तापल्या मातीवर अळ्या किती टिकतात? मेजर प्रत्येक बादलीमागं बघायचा, जणू ब्लँकेटं कुणी पळवतंय. आता त्याच्याकडं चारच ड्रम आहेत, तोंडाला कापड घट्ट बांधलेले, आणि दर रविवारी तो ते घासतो. घासताना येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतो, डासात मुक्काम, थेट गाडी नाही. सांगतो असं की शोध त्यानंच लावला. आशाताईला परवा म्हणाला, "ताई, तुम्ही लोकांना कोरड्या दिवसाचं महत्त्व नीट पटवत नाही." ती बिचारी गेली कपाळाला हात लावून.

आजारी कुत्र्याला डास चावू द्यायचे नाहीत, नाहीतर पुन्हा तीच एसटी सुरू, असं मॅडमनी बजावलं होतं. म्हणून हिरवी मच्छरदाणी मधोमध कापली. निम्मी कर्नलच्या खाटेवर, निम्मी सकिनाबीच्या गोठ्यात भुऱ्यावर. प्रेमाबाई म्हणते, "सव्वीस वर्षांत मला एक वस्तू आणली न्हाय. जी आणली ती बी कुत्र्यांनी नेली."

आणि मेजर? दिवसा शेळ्यांमागं माळावर, दिवस मावळला की गोठ्याच्या तोंडाशी बाजेवर. गळ्यात शिट्टी, हातात काठी, उघड्या अंगावर डास. सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा पहाऱ्याची ड्युटी लागली, तीही एका गावठी कुत्र्याच्या जागी बदली म्हणून. मी मुद्दाम तिकडनं फिरून येतो. विचारतो, "काय मेजर, बॉर्डर शांत?"

परवा तिन्हीसांजेला लांडगा आला म्हणे. म्हणे कशाला, पायाचे ठसे मी बघितले. मेजरनं शिट्टी फुंकायची म्हणून तोंडात घातली, ती घाबरून दातात अडकली, आणि जो आवाज निघाला तो ना शिट्टीचा ना माणसाचा. लांडगा कशानं पळाला हे लांडग्यालाच ठाऊक. बत्तीसच्या बत्तीस शेळ्या जागेवर होत्या. मेजरनं लगेच मोजल्या. मोजण्यात तो हुशारच.

सकिनाबी कंदील घेऊन बाहेर आली. तिनं आधी जाळीत बघितलं. भुऱ्यानं मान वर केली, बाजेवर काठी घट्ट धरून बसलेल्या मेजरकडं एकदा बघितलं, आणि पुन्हा पायांवर ठेवून डोळे मिटले.

"झोप बेटा," ती त्याला म्हणाली. मग मेजरकडं वळून, "तू न्हाय. तू जागा रहा."